भोगीच्या सकाळी धूर नव्हता

दमयंती सपकाळ स्वस्थ बसली आहे, असं लालबागेत कुणी पाहिलेलं नाही. चाळीत होती तेव्हा गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या फेऱ्या चालत. चाळ पडून तिथे टॉवर झाला, सोळाव्या मजल्यावर घर मिळालं, आणि आता त्याच फेऱ्या स्वयंपाकघराची खिडकी ते बाहेरचं दार एवढ्यात होतात. टीव्हीवरची मालिकासुद्धा ती उभ्यानेच बघते. सून श्रेया पहिलं वर्षभर म्हणायची, "आई, बसा ना हो जरा." आता म्हणत नाही. मुलगा विनीत म्हणतो, "आई बसली की समजायचं, ताप आलाय."

तिचा जन्म डोंगरातला. सातारा जिल्ह्यात कोयनेचं पाणी डोंगरांच्या बेचक्यांत शिरून अडलं आहे. लाँचने ते पाणी ओलांडायचं आणि पलीकडे उतरून छाती भरून येईपर्यंत चढायचं, मग पिंपरवण्याची वरची वाडी लागते. तिथे तिचं नाव चिमी. लग्नात सासरच्यांनी दमयंती ठेवलं आणि त्याच आठवड्यात तिला लालबागेत आणलं. नवरा रमाकांत एका गिरणीच्या गोदामात होता. गिरणी बंद पडल्यावर तो मिळेल ते करत राहिला आणि तिने चिवड्याच्या दुकानात पाकिटं भरायचं काम धरलं. तेही उभ्यानेच. रमाकांतला जाऊन आता बरीच वर्षं झाली. चिवड्याचं काम सुटलं, पण उभं राहायची सवय सुटली नाही.

वाडीत तिचा थोरला भाऊ आहे, धर्मा. आईबाप लवकर गेले तेव्हा त्यानेच तिला वाढवली. तोही तरुणपणी मुंबईत गिरणीत होता. संप झाला, चिमण्यांचा धूर थांबला, आणि वर्षभर वाट बघून तो वर निघून गेला, तो परत आलाच नाही. बायको गेली, मूलबाळ नाही. एक म्हैस, थोडी नाचणी, आणि घर. वाडीतल्या बाकीच्या घरांना कुलपं लागली. आता तीनच चुली पेटतात. धर्माची एक. ओढ्यापलीकडे समोरच्या उतारावर भिवाची दुसरी. भिवा हा दमयंतीच्या वयाचा, तिच्याबरोबर गुरं राखलेला. आणि टोकाला हिराआजी, जिला आता दिसत नाही.

त्या दिवशी भोगी होती. संक्रांतीचा आदला दिवस. मुंबईत थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवण्याइतकी, पण दमयंतीने सकाळीच अंगावर शाल घेतली होती. ओट्यापाशी उभी राहून ती भाकरीसाठी तीळ निवडत होती आणि फोन वाजला. भिवा होता. गुरं सोडायला जातो त्या वाटेवर एक कातळ आहे, वाडीत रेंज फक्त तिथेच येते.

"चिमे, दादाच्या घरातनं आज धूर न्हाय."

दमयंती हसली. "अरे भिवा, दिवाळीनंतर गॅस नाय का ठेवून आले मी? चहा गॅसवर केला असंल त्यानं. गॅसला कुठला आलाय धूर?"

"व्हय की." मागे गुरांच्या घंटा वाजत होत्या. "माज्या ध्यानातच न्हाय आलं. म्हटलं ओढा उतरून बघून यावं. पर बाजारचा दिस हाय, लाँच गाठायची हाय मला."

"जा तू. धूर बघत बसायचे दिवस गेले आता."

"मोठी शेरातली झालीस गं," भिवा म्हणाला, आणि रेंज गेली.

गॅस तिनेच नेला होता. दिवाळीत वर गेली तेव्हा धर्मा भल्या पहाटे मोळी घेऊन उतारावरून येताना दिसला, आणि अंगणात पोचल्यावर बराच वेळ खांबाला धरून खोकत राहिला. तिला ते बघवेना. मुंबईला परत येऊन तिने विनीतच्या मागे लागून शेगडी आणि टाकी घेतली. वाडीतलाच रामू, काळाचौकीला राहणारा, रजा काढून बरोबर आला. टाकी लाँचमधून गेली, मग बांबूला बांधून दोघांनी वर नेली. धर्माने ती सगळीकडून नीट न्याहाळली, शेगडीवर धुतलेलं पोतं घातलं आणि म्हणाला, "झकास आहे. पाव्हणे आले की पेटवू."

"तुझ्यासाठी आणलीय दादा, पाव्हण्यांसाठी नाही."

"बरं बरं."

तीळ निवडून झाले. तिने बाजरीचं पीठ परातीत घेतलं. तेवढ्यात श्रेया केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "आई, भोगीचं न्हाणं झालं हं माझं. तुम्ही म्हणायच्या आधीच. गीझर चालू ठेवलाय तुमच्यासाठी."

दमयंतीचा हात पिठातच राहिला.

भोगीला धर्मा न्हाल्याशिवाय राहायचा नाही. आई होती तेव्हापासूनची ती पद्धत. पहाटे, अंधार असताना, झऱ्याचं पाणी आणून तांब्याचा हंडा चुलीवर चढवायचा. अंगाला तीळ वाटून लावायचे. अंगणात दगडावर बसून कढत पाणी घ्यायचं, आणि त्या थंडीत माणसाच्या अंगातून वाफा निघायच्या. आई गेल्यावर धर्माने तिला तसंच न्हाऊ घातलं होतं, कुडकुडत उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या चिमीला. तो हंडा भरला की दोन माणसांनी उचलायचा. गॅसच्या शेगडीवर तो ठेवला तर शेगडी बसेल. आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या शेगडीवर धर्मा हंडा ठेवणार होता का?

म्हणजे आज तर चूल पेटायलाच हवी होती. रोजच्यापेक्षा लवकर, आणि रोजच्यापेक्षा मोठी.

तिने हात तसाच पदराला पुसला आणि फोन उचलला. भिवाचा फोन लागेना. धर्माचा फोन तर बंदच असतो, दिव्याशेजारी कोनाड्यात. सणासुदीला तो सौर दिव्यावर चार्ज करून कातळावर नेतो आणि परत आणून ठेवतो.

"काय झालं?" विनीत मोजे घालत होता.

"मामाच्या घरातून धूर नाही."

"मग गॅस..."

"आज भोगी आहे."

विनीतला उलगडा झाला नाही. "आई, मामा ठणठणीत आहे. दिवाळीत त्याने मला चढावर मागे टाकलं होतं. आणि गॅस न्यायचा हट्ट तुझाच ना? आता त्याने वापरला तर तुला काळजी, नाही वापरला तर तुला काळजी."

ती चपला घालून बाहेर पडली. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता, तर ती जिन्याने निघाली, आणि दोन मजले उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की हाताला पीठ तसंच आहे.

वाडीत धुराचं एक असं होतं की त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे. हिवाळ्यात रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवायचा, सकाळी फुंकर घालून जागा करायचा. ज्याचा विझला त्याचं पोर गोवरीवर शेजारचा निखारा घेऊन यायचं. खाली पाण्यावर धुकं पिंजलेल्या कापसासारखं पडलेलं, वाडी त्याच्या वर, आणि कौलांतून एकेका घराचा धूर निघायला लागला की समोरच्या उतारावरची माणसं नुसती मान वर करून बघायची. म्हैस पिळता पिळता, दात घासता घासता. कुणाचा निघाला, कुणाचा नाही. नाकाडावर, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या सोंडेवर, ऊन टेकलं तरी एखाद्या घराचा धूर नसला की जो मोकळा असेल तो तिकडे चालायला लागायचा. सांगायला कुणी लागत नसे. चिमी लहान असताना एकदा धर्मा असाच हातातली भाकरी ठेवून उठला होता आणि तापाने फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आला होता. येताना तिला म्हणाला, "चुलीकडं बघायचं नाही नुसतं. समोरच्याच्या कौलाकडंबी बघायचं."

आणि आज तिनेच भिवाला सांगितलं होतं, बघू नकोस.

काळाचौकीच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर पिंपरवण्याची खोली आहे. गावाने वर्गणी काढून कधीकाळी घेतलेली. मुंबईला येणारा पुरुष आधी तिथे उतरतो, काहीजण तिथेच आयुष्य काढतात. भिंतीला ओळीने खुंट्या आहेत, दर घराची एक. त्या घरातलं कुणी मुंबईत नसलं तरी खुंटी त्याच घराची. धर्माची खुंटी खिडकीपाशी. संपाच्या वर्षापासून तिच्यावर त्याच्या घरचं काही लटकलेलं नाही.

दमयंती दारात आली तेव्हा रामू डबा भरत होता. पन्नाशीचा रामू शिवडीच्या एका वखारीत राखणीला आहे. नात्याने तो तिचा भाचा लागतो.

"आत्या? इतक्या सकाळी? बसा."

"बसायला नाही आले. भिवा बाजाराला निघालाय. त्याला गाठायचाय."

तिने सगळं सांगितलं. सांगताना ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती. आणखी दोघं अंथरुणात उठून बसले होते, ते पाय आखडून तिला वाट देत होते. धर्माच्या खुंटीला कुणाचं तरी हेल्मेट अडकवलेलं होतं. तिची नजर तिकडे गेलेली बघून रामूने ते हळूच काढलं आणि खाली ठेवलं. रिकामी खुंटी बघून तिला जास्तच वाईट वाटलं.

"ग्रुपवर टाकतो," रामू म्हणाला. टाकलं. एकच टिक आली.

"खालच्या गावातलं कोणी?"

"खालचं गाव लग्नाला गेलंय आत्या, पाण्यापलीकडं. लाँच भरून गेलेत काल." रामू विचार करत राहिला. मग म्हणाला, "धक्क्यावरचा चहावाला. भिवाआप्पा चहा घेतल्याशिवाय लाँचमधे पाय ठेवत नाही."

चहावाल्याचा नंबर कुणाकडे तरी होता. फोन लागला. चहावाला म्हणाला, लाँच सुटायलाच आलीय, थांबा. मग इंजिनाची धडधड, कुणाच्या तरी नावाने मारलेल्या हाका, कोंबड्यांचा कलकलाट, आणि भिवाचा दमलेला आवाज.

"कोण? चिमी? आता गं काय?"

"भिवा, वर जा परत. दादाला बघून ये."

"तूच म्हणालीस ना गॅस हाय."

"आज भोगी हाय भिवा. न्हाणाचं पाणी गॅसवर तापतंय व्हय?"



"मीबी काय माणूस हाय," भिवा म्हणाला. "मी सोता सकाळी हंडा तापवून न्हालोय. मला कळू ने?"

"मी बोलले म्हणून गेलास तू. जा आता."

"चार कोंबड्या हायत संगं."

"ठेव तिथंच. जा रे."

"चाललो," तो म्हणाला. मग चहावाल्याला म्हणाला, "ह्यांना दाणं घाल," आणि फोन बंद झाला.

आता भिवा चढणार, ओढ्यापर्यंत जाणार, धर्माच्या घरी पोचणार, आणि काय असेल ते सांगायला पुन्हा कातळावर येणार. तोपर्यंत मुंबईत बसून काही कळायला मार्ग नाही. रामूने वखारीत फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं. तिला पुन्हा म्हणाला, "आत्या, बसा. चहा टाकतो."

"मी येते जरा जाऊन."

कुठे जाऊन, ते तिलाच माहीत नव्हतं. ती लालबागच्या बाजारात आली. भोगीच्या भाजीचे ढीग लागले होते, वालपापडी, गाजरं, ओले हरभरे, बोरं, उसाचे करवे. तिने सगळं थोडं थोडं घेतलं. पिशवी घेऊन परळच्या पुलापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली. मसाल्याच्या दुकानापाशी कुणीतरी "दमयंतीताई" म्हणून हाक मारली, तिने हात केला पण थांबली नाही. डोक्यात एकच चित्र फिरत होतं. धर्मा चुलीशेजारी अंथरुणात आहे, घोंगडी तोंडावर आहे. नाहीतर गोठ्यात पडला आहे. त्या घरांत गोठा आणि माणसाची खोली यांच्यामध्ये फक्त कारवीची कुडाची भिंत असते, हिवाळ्यात म्हशीची ऊब माणसाला मिळावी म्हणून. म्हैस ओरडत असेल. तिला कुणी वैरण घातली असेल का? हिराआजीला ओरडणं ऐकू गेलं असेल, पण ती बिचारी उठून जाणार कुठे?

घरी आली तेव्हा श्रेया सुट्टी टाकून थांबली होती. तिने पिशवी हातातून घेतली, उघडून पाहिली आणि काही न बोलता फ्रिजमधल्या भाजीशेजारी ठेवली. दमयंतीने कालच हे सगळं आणलं होतं.

"आई, एक विचारू? मामांना काही झालं असेल असं तुम्हाला खरंच वाटतंय, की तुम्ही नाही म्हणालात म्हणून..."

"दोन्ही," दमयंती म्हणाली.

"खाऊन तरी घ्या."

"तू भाकऱ्या कर. मी खोलीवर जाते. फोन रामूकडेच येईल असं नाही, पण मला तिथं बरं वाटतं."

"तुमच्याकडे फोन आहे ना आई, इथेही येईलच की."

"इथं कुणाला कळणार नाही काय ऐकतेय मी ते," दमयंती म्हणाली आणि पुन्हा चपला घातल्या. या वेळी श्रेयाही तिच्याबरोबर निघाली. भाकऱ्या राहिल्या.

ऊन चाळीच्या मागच्या भिंतीवर गेलं तेव्हा फोन आला. खोलीत तोपर्यंत आठ-दहा माणसं जमली होती, वाडीतली आणि खालच्या गावातली. ज्याची पाळी संपली तो येऊन नुसता भिंतीला टेकत होता. फोन वाजला तशी सगळ्यांनी तिला मध्ये जागा करून दिली. तिने तो स्पीकरवर लावला.

"हाय," भिवा म्हणाला. धाप लागलेली होती. "जित्ता हाय. बोलतोय. शिव्या देतोय."

मग त्याने सांगितलं. धर्मा अंधारात झऱ्यावर पाणी आणायला गेला होता. न्हाणाचंच पाणी. दगडावर दव पडून गोठलेलं, पाय सरकला. गुडघ्याखाली पाय मोडला. सरपटत बांधाच्या आडोशाला आला आणि घोंगडी ओढून पडून राहिला. अंग गार पडलं होतं, ओठ काळे पडले होते. भिवाने त्याला उचलून घरी नेलं, आधी चूल पेटवली, त्याला शेकलं, गूळ घालून चहा पाजला, मग कातळावर आला. तिथून त्याने आधी चहावाल्याला कळवलं. आता लग्नाची मंडळी परत येत होती, त्यांना चहावाल्याने लाँचमध्येच निरोप दिला होता. घोंगडीची डोली करून धर्माला खाली नेणार, लाँचने पलीकडे, तिथून गाडीने साताऱ्याला.

"चहा कशावर केलास?" दमयंतीला दुसरं काही सुचेना.

"चुलीवर. तुजी शेगडी मला कुठं पेटवता येतीय."

खोलीतली माणसं हसली. श्रेयाही हसली आणि डोळे पुसत गॅलरीत गेली.

दिवेलागणीला पुन्हा फोन आला. या वेळी धर्मा होता, लाँचमध्ये आडवा, कुणीतरी फोन त्याच्या कानाला धरला होता.

"चिमे."

"दादा. दुखतंय का फार?"

"मोडलाय म्हणल्यावर दुखणारच." त्याचा आवाज बारीक झाला होता. "भिवा आज लई उशिरा आला गं. नाकाडावर ऊन आलं. म्हटलं आता येईल. घरातनं धूर नाय म्हणल्यावर येणारच, उगा हाका मारून जीव कशाला काढा. मग ऊन अंगणात आलं. तरी याचा पत्ता नाय. मग वाटलं, बघायचं सोडलं वाटतं लोकांनी."

फोन स्पीकरवरच होता, खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. भिवाने त्याला काही सांगितलेलं दिसत नव्हतं. रामूने तिच्याकडे बघून मान हलवली, राहू दे म्हणून. राहू दिलं असतं तर कधी कळलंही नसतं.

"दादा," ती म्हणाली, "भिवाचा सकाळीच फोन आला होता. मीच त्याला म्हणाले गॅस आहे, जाऊ नकोस."

लाँचचं इंजिन धडधडत होतं. पाण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं रेंज गेली.

"मग परत कुणी धाडला?"

"मीच."

"मग झालं तर," धर्मा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्याच्या कोंबड्या इकायच्या राहिल्या बघ."

साताऱ्याला पाय बसवला, मग परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवून प्लास्टर झालं, आणि धर्मा सोळाव्या मजल्यावर राहायला आला. संपानंतर पहिल्यांदाच तो मुंबईत आला होता. त्याला खिडकीपाशी पलंग दिला. तिथून पूल दिसतो, टॉवर दिसतात, आणि लांब रे रोडच्या बाजूला क्रेनच्या सोंडा. तो सकाळी उठून उशीला टेकून बसतो आणि समोरच्या खिडक्या एकेक करून बघतो. एक अस्वस्थ माणूस घरात होतंच, आता दोन झाली. विनीत म्हणतो, "एक चालते, एक बघतो."

"सूनबाई," धर्माने एक दिवस विचारलं, "इथं कळतं कसं गं, कोण उठलं नि कोण नाय?"

"व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंग येतं ना मामा," श्रेया म्हणाली.

"आणि नाय आलं तर? बघायला कोण जातं?"

 दुसऱ्या दिवशी श्रेया समोरच्या फ्लॅटमधल्या एकट्या बाईंकडे तिळाच्या वड्या देऊन आली.

धर्माचा जीव घरात अडकला होता. हिवाळ्यात घर धुराशिवाय राहिलं तर वाशांना कीड लागते, चुलीवर टांगलेलं मक्याचं बियाणं जातं. म्हैस भिवाच्या गोठ्यात होती, पण घराचं काय? भिवा म्हणाला, मी रोज चूल पेटवतो तुझी. आणि गुरं सोडायला जाताना कातळावरून एक मिस कॉल देतो. वाजला की समजा धूर निघाला. उचलायचा नाही, माझे पैसे जातील. विनीतने त्याला समजावलं की आता फोन उचलला तरी पैसे जात नाहीत. भिवाला ते पटलं नाही. गॅस पेटवायला मात्र तो रामूकडून फोनवर शिकला. आता धर्माच्या घरी चुलीत नुसता जाळ असतो, वर काही नसतं, आणि चहा शेजारी गॅसवर होतो.

रोज सकाळी धर्माच्या उशाशी ठेवलेला त्याचा फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. दमयंती तोपर्यंत खिडकी ते दार चालत असते. धर्मा म्हणतो, "वाजला." ती म्हणते, "वाजला." मग चहा.

माघातल्या एका सकाळी तो वाजला नाही. समोरच्या टॉवरवर ऊन आलं. विनीत डबा घेऊन निघाला, श्रेया निघायच्या तयारीत होती. धर्माने चहाच्या कपाला हात लावला नव्हता.

"रेंज नसेल आई," विनीत दारातून म्हणाला. "नाहीतर चार्जिंग संपलं असेल. संध्याकाळी बघू."

तसंच असेल, दमयंतीलाही वाटलं. भिवाचा फोन जुना, बॅटरी फुगलेली. गेल्या आठवड्यात तो एकदा विसरलाही होता. तिने हातातला आपला फोन ओट्यावर ठेवला. मग उचलून रामूचा नंबर लावला. रामू उचलेना, वखारीत गेला असेल. तिने फोन कमरेला खोचला, शाल घेतली, कपाळावरचे केस सारखे केले आणि दाराशी जाऊन चपलेत पाय घातला.

"कुठं?" धर्माने विचारलं.

"खोलीवर. चहावाल्याचा नंबर आहे तिथं."

"थांब जरा. येईल."

"तू थांबलास त्या दिवशी," ती म्हणाली.

 तिने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट वर येत होती, तळमजल्यावरून, सावकाश. घरातून धर्माच्या फोनचा आवाज आला. दोनदा वाजला, थांबला.

"वाजला गं," आतून धर्मा म्हणाला. "उगाच निघालीस."

लिफ्टचं दार उघडलं. ती क्षणभर तिथे उभी राहिली. मग तिने आत पाय टाकला. निघालेच आहे तर दूध तरी घेऊन येते, असं ओरडून सांगितलं तिने. पण बाजारात न वळता ती काळाचौकीच्या खोलीवर गेली आणि चहावाल्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला.